खंडेनवमीचा राजीनामा

दोन वर्षांत आमच्या ऑफिसातून नोकरी सोडून कोणीही गेलं नाही. पोवारकाका तेवढे गेले, ते मरून.

थट्टा नाही करत. आमच्या मालकांनी त्याबद्दल पुण्यात बक्षीस घेतलंय, एकही माणूस न गमावणारी कंपनी म्हणून. त्या समारंभाचा फोटो रिसेप्शनला लावलाय. मागच्या रांगेत पोवारकाका उभे आहेत आणि कुणीतरी सांगितल्यासारखे हसताहेत. रोज सकाळी मी त्या फोटोखालून आत जायचे आणि रोज पोटात गोळा यायचा.

मी हेमलता चौगुले. शिरोलीच्या एमआयडीसीत आमचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे, तिथं मी परचेसला. माल मागवायचा, आलेला तपासून घ्यायचा, वाईट निघाला तर परत पाठवायचा. काम साधं. पण आमचे मॅनेजर इंगवलेसाहेब यांच्या मेव्हण्याची फाउंड्री आहे, आणि तिथून आलेल्या कास्टिंगमध्ये भोकं निघाली. क्वालिटीच्या पोवारकाकांनी ती दाखवली, मी माल परत पाठवला. बास. एवढाच आमचा दोघांचा गुन्हा.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मारहाण म्हणता येत नाही आणि शिवीगाळही म्हणता येत नाही. मीटिंग असायची, मला कळवायचे नाहीत, आणि मग सगळ्यांसमोर, "चौगुले मॅडमना आमच्यात यायला सवड नाही वाटतं." माझं टेबल उचलून झेरॉक्स मशीनच्या मागं टाकलं, तोंड भिंतीकडं. मी आत आले की खोलीतलं हसणं थांबायचं. घरी जायला पर्स उचलली की नेमकं काम यायचं, आणि ते करून दिलं की सकाळी कळायचं, नकोच होतं. पोवारकाकांचं तर याहून वाईट. त्यांनी सही केलेला प्रत्येक कागद दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घ्यायचे, त्यांच्या देखत. तक्रार कशाची करणार? माझ्याकडं बघून हसले नाहीत, अशी तक्रार करतात होय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

तेव्हाच सोडायला हवी होती नोकरी. मनात येतही होतं. पण त्या वर्षी दिवाळीनंतर आधीच तिघं जण सोडून गेले होते, मालक हबकले होते, आणि त्यांनी सोबती आणला.

सोबती म्हणजे साबणाच्या डबीएवढी एक पांढरी डबी. वर बारीक भोकं आणि एक निळा दिवा. प्रत्येकाच्या टेबलावर एक. ती बसवायला आलेल्या मुलीनं कॅन्टीनमध्ये आम्हाला गोळा करून सगळं समजावून सांगितलं. शाल्मली नाव होतं तिचं. गोड पोरगी होती, आणि मनापासून सांगत होती, हे मी आजही म्हणेन.

"घाबरलेल्या माणसाच्या घामाला वेगळा वास येतो," ती म्हणाली. "आपल्या नाकाला तो कळत नाही, कुत्र्याला कळतो. श्वासातही फरक पडतो. या डबीत कांद्याच्या सालीहून पातळ असे पडदे आहेत. एकेका पडद्याला एकेक वायू चिकटतो, तसा त्यातून जाणारा वीजप्रवाह बदलतो. त्यावरून माणसाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज येतो."

"म्हणजे आम्ही घाबरलो की साहेबांना कळणार," कुणीतरी म्हणालं.

"नुसत्या भीतीचा उपयोग नाही," शाल्मली म्हणाली. "घाबरलेली माणसं नोकरी सोडत नाहीत, चिकटून राहतात. आम्ही हजारो लोकांवर हे तपासलंय. भीती वाढत जाते, वाढत जाते, आणि एक दिवस अचानक ओसरते. माणूस शांत होतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, सावरला. खरं तर आतून त्याचं ठरलेलं असतं, त्यालाही ते अजून माहीत नसतं. ती शांतता यायच्या आधी शरीरात काही बदल होतात. सोबती ते ओळखतो आणि मॅनेजरना कळवतो. त्यांनी वेळेवर येऊन चार शब्द चांगले बोलायचे. माणूस थांबतो."

पोवारकाकांनी हात वर केला. "आणि मॅनेजरच छळत असला तर?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं इंगवलेसाहेब हसले. शाल्मलीला त्यातलं काही कळलं नाही. "मग ते थांबतील ना, काका," ती म्हणाली. "त्यांना दिसेल ना."

इंगवलेसाहेब थांबले नाहीत. ते शिकले. गॅस किती मोठा ठेवला की दूध उतू जातं, हे त्यांना आता समोर स्क्रीनवर दिसत होतं. उतू जायच्या बेतात आलं की बारीक करायचा, खाली बसलं की पुन्हा मोठा. मला हे तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच कळायचं की सकाळी स्कूटरवर येताना मी मनात राजीनामा लिहिलेला असावा, आणि त्याच दुपारी साहेबांनी जोतिबाचा प्रसाद हातावर ठेवून म्हणावं, "मॅडम, तुमच्याशिवाय या डिपार्टमेंटचं पान हलत नाही." नसीमनं, म्हणजे आवक-जावकला बसणारी माझी मैत्रीण नसीम मुजावर, तिनं डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसावं. संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं, सुकुमारनं, न सांगता भडंगाचा पुडा आणावा आणि म्हणावं, "चल, जरा फिरून येऊ." मग मी विरघळायचे. म्हणायचे, जाऊ दे गं, माणसं चांगली आहेत, आपणच मनाला लावून घेतो.

आणि दोन दिवसांनी पुन्हा टेबलाचं तोंड भिंतीकडं असायचं.

हळूहळू माझे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीवर वाजायचा म्हणून मी बशी घेणं बंद केलं. केस गळायला लागले. झेरॉक्स मशीन सुरू झालं तरी दचकायचे. डॉक्टर म्हणाले, बीपी आहे, टेन्शन घेऊ नका. घेऊ नका म्हणे. जसं काही मी ते दुकानात जाऊन घेत होते.

पोवारकाका गेले ते श्रावणात. इंगवलेसाहेबांनी त्यांना सकाळी केबिनमध्ये बोलावून पेढा दिला होता, नातू झाल्याबद्दल अभिनंदन केलं होतं. काका बाहेर आले, माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "आज साहेब बरे आहेत गं." खुर्चीत बसले. पुढ्यातला कागद ओढला. आणि कागदावरच आडवे झाले. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलला पोचायच्या आधीच संपलं. त्यांना उचलून नेलं तेव्हा टेबलावरचा निळा दिवा चालूच होता.

मी त्या दिवसापासून खरी घाबरले. त्याआधी मी साहेबांना घाबरत होते. आता मला वाटायला लागलं की यात माझा जीव जाईल, आणि शेवटच्या क्षणीही मी कुणाच्या तरी पेढ्यानं खूश असेन.

तेराव्यानंतर नसीमनं मला पार्किंगच्या शेडमध्ये नेलं. तिथं डबी नसते. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सोबतीवर काकांची पातळी शेवटच्या सकाळी एकदम छान होती," ती म्हणाली. "मी स्वतः बघितलं, महिन्याचा तक्ता माझ्याकडंच येतो. त्यांच्या नावापुढं लिहिलं होतं, सोडून जाण्याची शक्यता नाही."

मला त्या सकाळचा पेढा आठवला.

"अजून एक आहे, हेमा. तू मला शिव्या घाल, पण ऐक." तिनं फोन पुढं केला. स्क्रीनवर ओळ होती: *हेमलता यांना आज सोबत हवी आहे. जेवायला एकत्र बसा. कामाचा विषय टाळा.*

तिनं बोटानं वर सरकवलं. तसल्याच ओळी. *त्यांच्या साडीचं कौतुक करा. त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करा.* मला प्रत्येक दिवस आठवत होता. शेवयांची खीर आणली होतीस तो दिवस, नसीम. माझ्या आईसाठी तेल आणून दिलंस तो दिवस.

"पहिल्यांदा मी आपणहूनच यायची," ती म्हणाली. "मग मेसेज यायला लागले. मग मी मेसेजची वाट बघायला लागले. म्हटलं, आला नाही म्हणजे हेमा ठीक असेल. माझं मला कळेनासं झालं, मी मैत्रीण आहे का कामावर आहे."

मला तिचा राग यायला हवा होता. पण राग यायच्या आधीच दुसरंच आठवलं. सोबती बसवला तेव्हा शाल्मलीनं प्रत्येकाकडून जवळच्या दोघांची नावं घेतली होती, अडीअडचणीला लागतील म्हणून. मी एक नसीमचं दिलं होतं.

"सुकुमारला पण येतात?" मी विचारलं.

नसीमनं माझ्याकडं न बघता फोन पर्समध्ये ठेवला.

त्या संध्याकाळी सुकुमार भडंग घेऊन आला. "चल, जरा फिरून येऊ," म्हणाला. मी गेले. त्याच्या शेजारून चालले, भडंग खाल्लं, आणि सगळा वेळ मला थंडी वाजत होती. विचारायची हिंमत झाली नाही. ऑफिसात माणूस घाबरला तर घरी पळून येतो. घरीच घाबरला तर जायचं कुठं? आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, ते फिरणं मला बरं वाटलं. सकाळी उठले तेव्हा राजीनाम्याचा विचार पुन्हा विरघळलेला होता. कळत होतं तरी विरघळलेला होता. साखर आहे हे माहीत असलं म्हणून ती गोड लागायची थांबत नाही.

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडं खंडेनवमी दणक्यात होते. लेथ, ड्रिल, क्रेन, सगळं पुसून त्याला झेंडूच्या माळा. वर ऑफिसात कॉम्प्युटरवर स्वस्तिक, प्रिंटरला हळदकुंकू. आणि पूजा झालेलं यंत्र दसरा पार पडेपर्यंत चालवायचं नाही, हा इंगवलेसाहेबांचा कडक नियम. देवभोळे होते ते, त्यात खोटं काही नव्हतं. मागच्या वर्षी एका ठेकेदाराच्या माणसानं पूजेनंतर कॉम्प्रेसर सुरू केला, तर साहेबांनी त्याला गेटबाहेर काढलं होतं.

या वर्षी आरतीचं ताट घेऊन ते वर आले, सगळ्या कॉम्प्युटरना कुंकू लावत आपल्या केबिनपाशी पोचले आणि भिंतीवरच्या सोबतीच्या मुख्य डब्यासमोर उभे राहिले. कुणी सुचवलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच वाटलं. "हा बिचारा वर्षभर आपल्यासाठी राबतोय," ते म्हणाले. "याला नको का एक दिवस विसावा?" त्यांनी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं, नारळ ठेवला, माळ घातली. टेबलाटेबलावरचे निळे दिवे विझले.

आरती झाली, पेढे वाटले. नटूनथटून आलेल्या बायका गप्पा मारत बसल्या. मी झेरॉक्सच्या मागं माझ्या जागेवर बसले आणि साहेबांकडं बघत राहिले.

ते सारखे आपल्या स्क्रीनकडं बघत होते. सवयीनं. स्क्रीन काळी, तिच्यावर ओलं स्वस्तिक. जरा वेळानं उठून माझ्याकडं आले. "मॅडम, ती कास्टिंगची फाइल अजून माझ्या टेबलावर नाही," नेहमीच्या आवाजात म्हणाले. मग मान वळवून त्यांनी केबिनकडं बघितलं आणि घाईनं म्हणाले, "म्हणजे घाई नाही. सावकाश द्या. सण आहे." परत गेले. पुन्हा आले. "पेढा मिळाला ना?" मी मान हलवली. ते तिथंच उभे. माझ्या चेहऱ्याकडं बघत होते, आणि त्यांना काही म्हणता काही वाचता येत नव्हतं. कपाळावर घाम होता. हा माणूस घाबरलाय, हे ओळखायला मला डबी लागली नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोटातला गोळा नाहीये.

हात बघितले. थरथरत नव्हते. आत सगळं गप्प झालं होतं, पाहुणे गेल्यावर घर होतं तसं. शाल्मलीचे शब्द आठवले आणि मी ओळखलं, ही तीच. ती शांतता. ही मला याआधीही कितीदा येऊ घातली असेल आणि दर वेळी कुणीतरी प्रसाद घेऊन, डबा घेऊन, भडंग घेऊन ती माझ्यापासून काढून घेतली असेल. आणि लगेच दुसरी भीती आली, आजवरच्या सगळ्यांहून मोठी. आज सोबती झोपलाय. परवा जागा होईल, माझा वास घेईल, सगळी गोड माणसं कामाला लागतील, आणि मी पुन्हा म्हणेन, जाऊ दे गं, माणसं चांगली आहेत. मग एक दिवस मीही कागदावर आडवी.

मी कोरा कागद घेतला आणि हातानं राजीनामा लिहिला. दोन ओळी. केबिनमध्ये जाऊन साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी वाचला. आधी स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आज? अहो, आज सिस्टिम बंद. राजीनामा सिस्टिमवर टाकावा लागतो. परवा या, निवांत बोलू."

"परवा मला द्यावासा वाटणार नाही, साहेब."

"मग चांगलंच आहे की."

"का वाटणार नाही, ते तुम्हाला चांगलं माहितीये," मी म्हटलं. कागद उचलला आणि नसीमच्या टेबलाकडं चालू लागले. सिस्टिम बंद असली तर हातानं लिहिलेला कागदही चालतो, त्यावर आवकचा शिक्का बसला की तो कंपनीला पोचला. हा नियम जुना आहे, आणि साहेबांनाही ठाऊक होता. ते माझ्या मागोमाग आले.

शिक्काही पूजेला बसवला होता. नसीमच्या टेबलावर, स्टॅपलरच्या शेजारी, झेंडूच्या फुलाखाली, वर हळदकुंकू.

"नसीम, पुजलेल्या वस्तूला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले.

नसीमनं माझ्याकडं बघितलं. तिचे हात माझ्या जुन्या हातांसारखे थरथरत होते. परवापासून झेरॉक्सच्या मागं कोण बसणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"साहेब, यंत्र चालवायचं नाही म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. "शिक्का हातानं मारतात."

तिनं फूल बाजूला ठेवलं, शिक्का उचलला आणि मारला. कागदावर निळी तारीख उमटली आणि कडेला थोडं कुंकू. खाली तिनं सही केली. तिला फोन बघावा लागला नाही. मी तिचा हात धरला, एवढंच मला जमलं.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. सुकुमार अंगणात त्याची मोटरसायकल धूत होता, पूजेसाठी. फोन पायरीवर ठेवला होता. फाटक वाजलं तशी त्यानं मान वर केली, आणि मी बघत होते, म्हणून मला दिसलं. त्यानं आधी फोनकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"लवकर आलीस," तो हसून म्हणाला. "छान गेला ना दिवस?"

मी पायरीवर बसले.

"आज मेसेज नाही आला ना," मी म्हटलं.

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. पाणी टपटपत राहिलं. मला वाटलं आता खोटं बोलेल.

"ते म्हणाले, तुझ्या भल्याचं आहे," तो शेवटी म्हणाला. "हेमा, मला कधीच कळायचं नाही तुला काय होतंय ते. तू सांगायची नाहीस. तू नुसती गप्प. मला भीती वाटायची. मग ते सांगायला लागले, आज तिला हे हवंय, आज ते. मला वाटलं, सुटलो. कुणीतरी सांगतंय."

"भडंग पण त्यांनीच सांगितलं?"

"नाही." तो एकदम म्हणाला. "आवडीचं काहीतरी न्या, एवढंच असायचं. भडंग माझं होतं."

मला रडू आलं. ते रागाचं होतं का कसलं, मला सांगता येणार नाही. राजीनामा दिला हे मी त्याला अजून सांगितलं नव्हतं. पर्समध्ये त्या कागदाची हातानंच लिहिलेली दुसरी प्रत होती. ती दाखवली असती तर सोपं झालं असतं, त्याला आणि मलाही.

मी पायरीवरचा त्याचा फोन उचलला, आत नेऊन तांदळाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. परत बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"माझ्याकडं बघ," मी म्हटलं. "आणि तुझं तू सांग, मला काय झालंय."

त्यानं ओले हात पँटला पुसले. जवळ आला. माझ्या चेहऱ्याकडं बघायला लागला, परीक्षेचा पेपर हातात पडल्यासारखा. किती घाबरला होता. कपाळ, डोळे, तोंड, सगळीकडं शोधत होता.

"डोकं दुखतंय?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा बघ."